छपाईयोग्य चेहरा

पुरात अडकलेल्या शेजारणीला बाहेर काढताना नीलाक्षी घोरपडे स्वतः वाहून गेली. घरही गेलं आणि घरातले तिचे सगळे फोटोही. मावशीच्या फोनवर एक उरला होता, लहान आणि अंधुक. मासिकाला मुखपृष्ठावर नीलाक्षी हवी होती, म्हणून तिच्या आईने, लीलाबाईंनी, तो मागवून घेतला आणि मासिकाकडे पाठवला.

आठवड्याने लीलाबाई आणि नीलाक्षीचे वडील यादवराव मासिकाच्या कचेरीत आले. फोटो विभागातल्या तन्वीर मुलाणीने यंत्राने स्पष्ट केलेला चेहरा पडद्यावर मोठा करून दाखवला. पापणीचा केस न् केस दिसत होता.

"ही आमची नाही," यादवराव म्हणाले. "तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता."

"मूळ फोटोत दात नीट दिसतच नव्हते, काका. जे दिसत नाही ते यंत्र अंदाजाने भरतं."

"मग जुनाच छापा."

तन्वीर अवघडला. "छपाईयोग्य प्रत तयार झाली, की यंत्र जुनी काढून तीच ठेवतं. सगळ्यांच्या फोनमध्येसुद्धा. जुना फोटो आता कुठेच नाही."

यादवरावांनी बायकोकडे पाहिलं. आठवडाभर लीलाबाई आपल्या फोनवर हाच चेहरा बघत बसल्या होत्या.

"तू तरी सांग यांना."

"काय सांगू?" पडद्यावरची नजर न काढता लीलाबाई म्हणाल्या. "सरळच तर होते हो तिचे दात."

तन्वीरने विचारलं, "पाठवू का छापायला?"

लीलाबाईंनी मान डोलावली. चढलेल्या दाताच्या ज्या मुलीसाठी यादवराव रडत होते, ती आता त्यांच्या एकट्याचीच उरली होती.