मेपलखालची जागा

टायरवर पुन्हा खडूची रेघ ओढलेली होती. एव्हरेटनं ती ओल्या फडक्यानं पुसली आणि मग स्वतःवरच वैतागला. पुसून काय होणार? नगरपालिकेच्या बाईनं गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घेतलेली असणारच. रस्त्यावर एका जागी तीन दिवसांहून जास्त गाडी ठेवायची नाही, असा नियम. म्हणजे बुधवारी पुढच्या गल्लीत, शनिवारी त्याच्या पुढच्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन अमेरिकेतल्या टाकोमा शहराच्या चार गल्ल्यांमधून तो दीड वर्षं असाच गोल फिरत होता. आता त्याला खरंच कंटाळा आला होता.

व्हॅन एका फुलवाल्याची, जुनी. छत बुटकं, त्यामुळे आत कंबर वाकवूनच वावरायचं. अरुंद पलंग, त्याखाली पाण्याचे कॅन, एका बर्नरची शेगडी, मागच्या दाराशी करवत आणि अवजारांची पेटी. सगळं त्यानं एकट्यानं बसवलं होतं. ऑड्रीला, त्याच्या बायकोला, विस्मरणाच्या आजारानं गाठलं आणि तिला देखभालीच्या संस्थेत ठेवावं लागलं. तिथला खर्च ऐकून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतील. तेव्हा एव्हरेटनं घर सोडलं आणि व्हॅन घेतली.

गाडीच्या उजव्या अंगाचा पत्रा कापून त्यानं एक मोठी खिडकी बसवली होती आणि खिडकीशी एक गादीची खुर्ची. ती ऑड्रीची. दर रविवारी तो तिला संस्थेतून घेऊन यायचा आणि कुठल्याही गल्लीची पाळी असली तरी गाडी मेपलच्या झाडाखाली, निळ्या दाराच्या घरासमोर लावायचा. आठवडाभर ती कुणाशी बोलायची नाही, चमचे फेकायची. इथं आली की निवायची. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बाहेर बघत बसायची आणि एखाद्या वेळी त्याला नावानं हाक मारायची. त्या एका हाकेवर तो उरलेले सहा दिवस ढकलत होता.

सोमवारी सकाळी खिडकीवर टकटक झाली. निळ्या दाराच्या घरात भाड्यानं राहणारी टेसा होती. हातात फडक्यानं झाकलेली थाळी.

"आजोबा, जागे आहात ना?"

"या वयात झोप कुठली? काय आणलंस?"

"मक्याचा ब्रेड. आधी खाऊन घ्या, मी भांडायला आलेय."

"मग लोणीपण आणायचंस."

टेसा हसली नाही. "काल तुम्ही शेगडीशी काहीतरी करत होतात. तुमच्या मिसेस उतरल्या आणि सरळ आमच्या दारात. दाराची मूठ धरून गदागदा हलवायला लागल्या. मी दार उघडलं तर म्हणतात, माझ्या स्वयंपाकघरात तू काय करतेस? दार निळं कुणी केलं? माझी पोरगी रात्रभर मला सोडायला तयार नव्हती."

"तिला सगळीच घरं आपली वाटतात," एव्हरेट म्हणाला. "आजारच तसला. पण लक्ष मी ठेवायला हवं होतं. चुकलं माझं."

"मला कळतं हो. माझी आजी अशीच गेली. पण उद्या त्या कुणाच्या गाडीखाली आल्या तर? पोरीच्या अंगावर धावल्या तर? मी पहाटेच घरमालकांना लिहिलंय. एकतर ही व्हॅन जाईल, नाहीतर महिनाअखेर आम्ही जाऊ."

एव्हरेटच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "घर सोडशील? एवढ्यासाठी?"

"मग काय करू? तुमच्यावर पोलीस आणायचं माझ्या जिवावर येतं. मिस्टर लुंडग्रेन बघतील काय ते. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, घर एजंटनं दिलं. पण माणूस चोख. पायरी हलतेय म्हणून मेसेज केला, तर संध्याकाळी कामावरून येते तो पायरी पक्की! सांगा, कोण करतं असं?"

"राहतात कुठे?"

"असतील ॲरिझोनात ऊन खात. घरं असलेल्यांचं काय, मजा असते."

"मजा असते," एव्हरेट म्हणाला.

टेसाचा चेहरा पडला. "रागावलात का, आजोबा?"

"छे गं. ब्रेड छान झालाय. मागची कड तेवढी करपलीये. अर्ध्यात भांडं फिरवत जा."

"फिरवते," ती म्हणाली आणि थाळी तिथंच ठेवून गेली. निळं दार लागलं.

एव्हरेट ऑड्रीच्या खुर्चीत जाऊन बसला. समोर मेपल पिवळा पडायला लागला होता. पुढच्या रविवारी दुसरी गल्ली, दुसरं झाड. तिथं ती हाक मारेल का? नाही मारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पैसे थांबले आणि संस्थेतली तिची खोली गेली, तर रविवारच उरणार नव्हता. या वयात किती वेळा बिऱ्हाड उठवायचं आणि किती वेळा मांडायचं, असं त्याला वाटलं.

फोनवर सकाळपासून एक मेसेज न वाचलेला पडला होता. त्यानं चष्मा शोधला आणि तो उघडला. पुन्हा एकदा वाचला. मग एकेक अक्षर हुडकत अंगठ्यानं उत्तर लिहिलं.

"तुमची तक्रार रास्त आहे. ती व्हॅन उद्यापासून तुम्हाला दिसणार नाही, कृपया घर सोडू नका. — ई. लुंडग्रेन, घरमालक."