आमटीचं कुणी सांगितलं?

“वैनी, पाणी वाढतंय. कृपया मेन स्विच बंद करून शाळेत या.”

आवाज दिराचा, पण शालनवहिनींना संशय आला. पुराचा इशारा देणारं यंत्र हल्ली नातेवाइकांच्या आवाजात बोलायचं. मागच्या खेपेला त्याच्या नादी लागून घर सोडलं, तर अंगणही भिजलं नव्हतं. शिवाय भावजी जन्मात कधी ‘कृपया’ म्हणाले नव्हते. वहिनींनी फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला. “वैनी, येताना डबा आणू नका. तुमच्या आमटीपेक्षा पुराच्या पाण्यात डाळ जास्त असती.”

हे मात्र भावजीच. वहिनी रागारागानं स्विच पाडून निघाल्या. शाळेत पोचेपर्यंत मागे गल्ली बुडाली.

“मी कुठं फोन केला?” भावजी म्हणाले. “माझा मोबाईल कालच भिजलाय.”

वहिनींनी कमरेवर हात ठेवले.

“मग यंत्राला आमटीचं कुणी सांगितलं?”