अख्खा भोपळा

हिल्सबरोच्या रिटायरमेंट व्हिलेजमध्ये जानेवारीच्या उन्हात चेंडू घरंगळवायच्या बोल्स खेळाचा सामना रंगात आला होता, तेवढ्यात शशिकलाबाई कडेवर भोपळा आणि हातात सुरी घेऊन हिरवळीवर उतरल्या. “कीथ, तुझा भोपळा आला बघ!” खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडलं आणि मंडळी खिदळली. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईमाणसानं घालायचा नाही, ही बाईंच्या माहेरची रीत. नवरा गेल्यापासून घारगे झालेच नव्हते. इथं आल्यावर शेजारच्या कीथला विनवलं आणि दर शनिवारी विनवतच राहिल्या. कीथनं हातातला चेंडू ठेवला, टोपी सारखी केली आणि बाकावर भोपळ्याची झोकात दोन शकलं केली. “घारगे झाले की हाक मार, शशी,” म्हणाला. भेटायला आलेल्या लेकीनं कपाळावर हात मारला. “आई, सुपरमार्केटात कापलेला भोपळा मिळतो की गं!” शशिकलाबाईंनी चटकन तिचा दंड दाबला. “हळू बोल! त्याला हल्ली थोडं थोडं मराठी कळतं.”