बापाची उंची

ग्लेनचं रिलेच्या आईशी लग्न झालं तेव्हापासून रिले या सावत्र बापाला 'ग्लेन' अशीच हाक मारायचा. ग्लेनने कधी हट्ट धरला नाही. भल्या पहाटे गाडीवरचा बर्फ खरवडायचा, पोराला आइस हॉकीच्या सरावाला न्यायचं, एवढं मात्र कधी चुकवलं नाही.

आज रेजायना शहराच्या संघाची निवड होती. रिले बचावाला होता. त्याच्याहून हातभर उंच पोरं पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेऊन अंगावर आली आणि एकेकाला कडेला दाबून त्याने पक काढून घेतला. तरी निवड करायला आलेले हॅलोरन मान हलवत होते.

"खेळतोस झकास रे. पण चौदाचा झालास आणि अजून एवढासाच! पुढे ही धिप्पाड पोरं चेंगरतील तुला. घरचं कोण आलंय?"

रिलेने कठड्यापलीकडे बोट दाखवलं. "ते काय, माझे बाबा."

ग्लेनने हातातली कॉफी कठड्यावर ठेवली. टोपी सारखी करायच्या निमित्ताने त्याने हळूच डोळे पुसले.

हॅलोरननी त्या दाराएवढ्या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अरे, मग काळजीच मिटली! बापावर जाईल पोरगं. घेतला याला."

गाडीत बसेपर्यंत ग्लेन तो एक शब्द मनात घोळवत होता. त्याने पोराची बॅग मागे टाकली, हीटर लावला. रिले हात शेकत त्याच्याकडे वळला.

"थँक्स हं, ग्लेन. तिथे काही बोलला नाहीस ते बरं केलंस."