तांडेलाची सुपारी

विमान दाणकन खाली गेलं आणि जानू तांडेलाने खुर्चीचे दोन्ही हात गच्च पकडले.

"दोन तासांत दिल्ली! आगगाडीत दीड दिवस अंग आंबवून घेण्यापेक्षा बरं," म्हणत मुलाने तिकिटं धाडली होती. खुर्ची मऊ होती, गारवाही होता. पण गाडीत निदान साखळी ओढून उतरता येतं. इथे कुठे उतरणार?

तीस वर्षं त्याने खाडीत उतारूंची लाँच चालवली. वाऱ्याने लाँच कलली की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत. तांडेल निवांत सुपारी चघळतोय, म्हणजे भिण्यासारखं काही नाही, असा साऱ्या गावाचा भरवसा. आतून त्याचीही छाती धडधडायची, पण ते त्याने बायकोलासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं.

इथला तांडेल मात्र बंद दाराआड. बघायचं कोणाच्या तोंडाकडे? समोरच्या हवाईसुंदरीने पट्टा आवळून डोळे मिटून घेतले होते. विमान पुन्हा गचकलं. कोणीतरी किंचाळलं.

जानूने शेजारी पाहिलं. बायको एकटक त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

मग त्याने मान ताठ केली आणि लाँचवर करायचा तसाच, सावकाश जबडा हलवायला सुरुवात केली.

"सुपारी माझ्या बटव्यात हाय," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "लाँचवरपण पुष्कळदा तिथंच असायची. थांबू नका, चघळत राहा."