जड पापण्या

सकाळी केराबाईच्या पापण्या काही केल्या वर होईनात. “आई, रात्रभर रील बघत बसलीस व्हय गं?” पूनम खिदळली. पण आईला चहाचा घोटही गिळवेना, तशी तिनं रिक्षा बोलावून तडक सोलापूरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पापणी उचलून बघितली. “रात्री या खाली झोपल्या होत्या का?”

“व्हय, लई उकडतंय म्हणून अंगणात चादर टाकून.”

“मण्यार चावलीय. तिचा दंश कळतसुद्धा नाही, पापण्या मात्र अशा गळतात. वेळेत आणलंस पोरी, इंजेक्शननं वाचतील.”

पूनमचा जीव भांड्यात पडला. तिनं हसत आज्जीला फोन लावला.



“हळू बोल गं. रात्री आईच्या कुशीत निजलेली धाकटी अजून गाढ झोपलीय, डोळंच उघडंना.”