पालथी पाटी

पडद्यावर बावन्न वेळा 'समजलं' आलं. त्रेपन्नावा निरोप अण्णाराव सरांचा होता. 'येताना मेथी आणतो.' तो घरी पाठवायचा होता. सगळे हसले. पहिल्या रांगेतले शिक्षण खात्याचे साहेब हसले नाहीत.

अहमदपूरच्या त्या प्रशिक्षणात विशाखा शिक्षकांना अपूर्णांक कसे शिकवावेत ते सांगत होती. शिक्षकांनी मोबाईलवर लिहायचं, ते लगेच पडद्यावर दिसायचं. ही पद्धत तिनेच आणली होती. नावं दिसणार नव्हती. पण साहेबांनी सकाळी ती नावं दाखवायला लावली. म्हणाले, शिस्त राहते.

तिने फळ्यावर लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. चूक मुद्दाम केली होती. पडद्यावर पुन्हा 'समजलं' येऊ लागलं. एकाने 'खूप छान मॅडम' लिहिलं.

"शंभर टक्के," साहेब म्हणाले. "अहवालात घ्या आणि पुढं चला."

तिचे वडील, मारोती सर, मुखेडकडे एका खेड्यात शिक्षक होते. त्यांच्या वर्गात पाट्या होत्या. समजलं नाही की पोराने गुपचूप आपली पाटी पालथी ठेवायची. सर कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. फळा पुसायचे आणि पहिल्यापासून शिकवायचे. गेल्या महिन्यात ते वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी विशाखा कामावर आली. कोणी विचारलं की ती म्हणायची, "ठीक आहे."

शेवटच्या रांगेतल्या बसवंत सरांनी मोबाईल खिशात टाकला. समोरची डायरी उचलली आणि पालथी ठेवली.

"काय हो, डास मारला का?" शेजारच्याने विचारलं.

"न्हाई. समजलं न्हाई."

विशाखाला ती डायरी दिसली. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. फळा पुसला.

"पहिल्यापासून घेऊ."

चहाच्या सुट्टीपर्यंत अकरा डायऱ्या पालथ्या झाल्या होत्या. पडद्यावर नवीन काहीच नव्हतं. मेथी तेवढी होती.

बसवंत सर कप घेऊन तिच्याजवळ आले.

"मॅडम, मी मारोती सरांच्या वर्गातला. सर गेल्याचं लई उशिरा कळलं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमचं बरं हाय ना?"

विशाखाने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग हातातली फाईल टेबलावर पालथी ठेवली.